जागल्या, नाईक आणि ठाणे

रात्री गोठ्यातून बैलजोडी गेली की दख्खनच्या गावात पहिली हाक जागल्याला पडे. तो खुरांचा माग काढत शिवेपर्यंत जाई, पलीकडच्या गावच्या जागल्याला उठवी, माग त्याच्या हवाली करी आणि मोकळा होई. आपल्या शिवेतून माग बाहेर गेलेला त्या दुसऱ्या जागल्याला दाखवता आला नाही, तर चोरीचा भार त्याच्या गावावर येई. भरपाई कोणी द्यायची, किती द्यायची, यावर पाटलाच्या गढीत हुज्जत चाले, कधी ती महिनोन्महिने लांबे. पण चोरीचा निवाडा दोन गावांनी आपसांत करायचा असतो, त्यासाठी कुठल्या कचेरीची पायरी चढायची नसते, हे सगळ्यांनाच ठाऊक असे. आज आपण ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदोबस्त म्हणून जे काही होते, ते या मागावर, गढीच्या बुरुजावर आणि डोंगरातल्या नाईकाशी ठरलेल्या देण्यावर उभे होते. इंग्रजी अंमलदारांनी पुढे या काळाला अराजक म्हटले आणि आपल्याकडच्या पुस्तकांनीही तो शब्द उचलला. माझे म्हणणे असे की इथे अराजक नव्हते. इथे पैसे देऊन राखण विकत घेण्याची एक रीतसर व्यवस्था होती. ती मोडली सारावसुलीच्या मक्त्याने, आणि ती मोडल्यावर जे उरले त्याला नव्या सरकारने जन्मजात गुन्हेगारी असे नाव दिले.

आधी मुलूख कसा होता ते पाहू. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये यवतमाळचे पठार आणि त्याच्या उतरणीवरून वाहणाऱ्या अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा. नदीकाठी काळी जमीन, आणि दोन कोसांवर लगेच डोंगर. केळापूर-वणीकडे गोंड आणि कोलाम, पुसद-उमरखेडकडे आंध, बंजारा आणि पैनगंगेच्या काठाने हटकर. मालकीही अशीच सरमिसळ होती. नाव निजामाचे, पण साऱ्यात नागपूरकर भोसल्यांचा वाटा. एकाच गावात दोन सरकारांचे कारकून हिशेब मागत, त्याला लोक दोअमली म्हणत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्यानंतर वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे जायचा ठरला आणि १८२२च्या करारानंतर वर्धा हीच पक्की सीमा झाली. कागदावर एक मालक आला. पण हैदराबाद दूर होते, आणि दूरच्या मालकाचा शिपाई सारा न्यायला येई, चोर धरायला नव्हे.

मग चोर कोण धरी? इथे हक्क हा शब्द समजून घ्यावा लागतो. देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी, महार, जागल्या या प्रत्येकाचा पिकावर किंवा साऱ्यावर ठरलेला वाटा होता, आणि त्या वाट्याच्या बदल्यात ठरलेले काम होते. देशमुखाने परगण्याचा बंदोबस्त पाहायचा, त्यासाठी स्वार आणि प्यादे बाळगायचे. पाटलाने गावची जबाबदारी घ्यायची. महाराने शिवेचा वाद पडला की साक्ष द्यायची. जागल्याने रात्र जागायची. डोंगराच्या तोंडाशी असलेल्या गावांचे आणखी एक देणे असे. घाट ज्या नाईकाच्या ताब्यात, त्याला वर्षाकाठी काही पोचवायचे आणि त्याने वाटेने माल सुखरूप जाऊ द्यायचा. सातपुड्यात मेळघाटच्या कोरकू राजांचे असेच हक्क होते, खानदेशात भिल्ल नाईकांचे होते. ही रक्कम राखणीची की खंडणीची, हा प्रश्न आपण आज विचारतो. गावकऱ्याला तो फारसा पडत नसावा. त्याला कळत होते एवढेच, की देणे वेळेवर गेले तर वाट मोकळी राहते.

या व्यवस्थेची जमेची बाजू ही की ती स्वस्त होती आणि डोळ्यांसमोर होती. जागल्याने झोप काढली तर त्याचा वाटा अडवता येई. तिची दुबळी बाजूही तितकीच उघड होती. सगळे काही हक्क मिळत राहण्यावर अवलंबून; तो अडला की राखणदाराला एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे ज्या वाटा तो राखत होता त्याच वाटा लुटणे. आणि हक्क अडवणारा माणूस हैदराबादेतच तयार होत होता. दिवाण चंदूलालच्या काळात निजामाच्या खजिन्याला कर्जाशिवाय दिवस ढकलता येईना. फौजेचे पगार, सावकारांचे व्याज, दरबाराचा खर्च; यासाठी आगाऊ रोकड देईल त्याला परगण्याची वसुली मक्त्याने दिली जाई. पूरणमल या हैदराबादच्या सावकाराकडे वऱ्हाडाचा मोठा भाग असा गेला. १८३९च्या सुमारास तो हटला आणि पेस्तनजी मेहेरजींची पारशी पेढी आली. १८२५-२६मध्ये वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठवायची सुरुवात याच पेढीने केली होती. १८४५पर्यंत त्यांनाही जावे लागले, आणि तेही सहजासहजी गेले नाहीत. मधल्या काळात रेसिडेंट मेटकाफने वसुलीवर देखरेखीला इंग्रज अधिकारी नेमून पाहिले होते. १८२९मध्ये गादीवर आलेल्या नासिरुद्दौल्याने ते काढून टाकले आणि मक्ते पुन्हा सुरू झाले.

मक्तेदाराच्या जागी बसून हिशेब करून पाहावा. आज परगणा हाती आहे, पुढच्या वर्षी जास्त बोली लावणारा कोणी आला तर तो जाणार. दिलेली आगाऊ रक्कम व्याजासकट एक-दोन हंगामांत वसूल झाली पाहिजे. अशा माणसाने पीक वाढावे म्हणून विहीर खणायची नसते, आणि वाट सुरक्षित राहावी म्हणून नाईकाला पैसेही द्यायचे नसतात. वाट सुरक्षित राहिल्याचा फायदा पुढच्या मक्तेदाराला. देशमुखाचा हक्क, पाटलाचा हक्क, जागल्याचा वाटा, नाईकाचे देणे ही सगळी त्याच्या दृष्टीने गळती. सारा गोळा करायला तो अरब आणि रोहिले शिपाई ठेवी, आणि या शिपायांचा पगार थकला की ते गावाच्या उरावर बसून तो वसूल करीत. म्हणजे गाव बंदोबस्ताचे पैसे भरतच होते, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त भरत होते. ते जात होते राखणाऱ्याऐवजी वसूल करणाऱ्याच्या खिशात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडात गढ्या का उभ्या राहत गेल्या, त्यांच्या भिंती इतक्या जाड का, याचे उत्तर मला डोंगरातल्या दरोडेखोरापेक्षा या वसुलीच्या पद्धतीत जास्त दिसते. गढीचे दार दोघांसाठीही बंद करता येत असे.

१८१८ हे वर्ष या सगळ्यावर कळस चढवणारे. आप्पासाहेब भोसल्यांच्या मदतीला निघालेला दुसरा बाजीराव एप्रिलमध्ये या मुलखात शिरला, आणि पांढरकवड्याजवळ शिवणी इथे कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठून पिटाळले. मराठेशाहीच्या शेवटच्या लढायांपैकी एक यवतमाळच्या मातीत झाली, ही गोष्ट जिल्ह्यातही थोड्यांनाच ठाऊक असते. लढाईपेक्षा तिच्यानंतर काय झाले ते महत्त्वाचे. पेंढारी मोडले, पेशव्यांचे स्वार मोडले, भोसल्यांची फौज आटली. हजारो हत्यारबंद माणसे एका वर्षात बिनकामाची झाली, आणि दख्खनमध्ये त्यांना कामावर ठेवणारे दरबार फार थोडे उरले. पुढच्याच जानेवारीत, १८१९मध्ये, पैनगंगेच्या खोऱ्यात आजच्या नांदेड-हिंगोलीच्या बाजूला नोव्ह्याच्या किल्ल्याला मेजर पिटमनच्या हाताखाली निजामाच्या पलटणींनी वेढा घातला. आत होता हटकरांचा पुढारी नोवसाजी नाईक, आणि त्याची शिबंदी मुख्यतः अरबांची. काही आठवडे तोफा चालल्या, मग किल्ला हल्ला करून घेतला गेला. आता हा किल्ला एखाद्या चोराचा अड्डा असता तर त्याच्यासाठी वेढ्याच्या तोफा आणाव्या लागल्या नसत्या, आणि 'नोव्हा' हे नाव निजामाच्या पलटणींच्या निशाणावर युद्धसन्मान म्हणून चढले नसते. राज्ये दरोडेखोराला पकडल्याचे निशाण मिरवत नाहीत. पण त्यानंतरच्या लिखाणात नोवसाजी मात्र बंडखोर आणि लुटारू या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राहतो.

इथे कोणी विचारेल, आणि विचारणे रास्त आहे, की ही सगळी माहिती तुम्हाला मिळते कुठून? १८५३ नंतरच्या इंग्रजी कागदांतून, १८७०मध्ये आल्फ्रेड लायलने संपादलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरसारख्या ग्रंथांतून. निजामाचा कारभार जितका वाईट दिसेल तितके वऱ्हाड ताब्यात घेणे योग्य ठरते. मग मक्तेदारांच्या जुलमाच्या या कथा कशाला खऱ्या मानायच्या? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी त्या कागदांतली विशेषणे बाजूला ठेवतो. लायलने जुन्या वऱ्हाडाचे चित्र काळे रंगवले ते त्याच्या सरकारच्या सोयीचे होते. पण मक्ता कोणाकडे होता, कोणत्या साली काढला, कोणाचा हक्क किती, या नोंदी रंगवून काही मिळत नव्हते. उलट, त्या लेखकांच्या युक्तिवादाला त्या अडचणीच्याच होत्या. कारण चंदूलालला कर्जात लोटणारी मुख्य गोष्ट होती ती कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी चालवलेली आणि निजामाने पोसायची हैदराबाद कॉन्टिन्जन्ट ही फौज. तिच्या थकलेल्या पगारापोटीच २१ मे १८५३च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे आले. म्हणजे ज्या कर्जाने मक्तेदार आणले, मक्तेदारांनी ज्या राखणीचा घास काढला, त्याच कर्जाच्या वसुलीसाठी, मोडलेला बंदोबस्त दुरुस्त करायला म्हणून, कंपनी आली. हा क्रम इंग्रज लेखकांनी लपवला नाही. त्यांनी तो एका वाक्यात कधी लिहिला नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. राखण वगैरे गोंडस शब्द सोडा, ती सरळ खंडणी होती. आणि तिचा सगळ्यात जड भार सगळ्यात खालच्या माणसावर होता. यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. रात्र जागायची महाराने, मांगाने, भिल्लाने; माग चुकला तर मार त्याला; आणि संशयाचे पहिले बोटही त्याच्याचकडे. गढीतली शांतता ही गढीबाहेरच्यांच्या जागरणावर विकत घेतलेली होती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे हा भाग नेहमी विसरतात. पण पहिल्या भागाबाबत मला थोडा भेद करावासा वाटतो. दर ठरलेला असेल, देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांना ओळखत असतील आणि देऊनही झालेल्या नुकसानीबद्दल जाब विचारता येत असेल, तर ती खंडणी असूनही कराच्या जवळ जाते. चौथाई यापेक्षा फार वेगळी होती का? या व्यवस्थेतली मोठी उणीव मला दुसरीकडेच दिसते. ती गावाच्या मालाची राखण करी, वाटसरूची नव्हे. दूरदेशीचा प्रवासी दोन गावांच्या मधल्या रानात मारला गेला, तर त्यात कोणत्याही गावाचा बैल गेलेला नसे, कोणीही माग काढायला उठत नसे. ठगांना जागा मिळाली ती इथे. अर्थात छावण्यांनाही तो माग दिसला नाही. पुसदपासून जवळच असलेल्या हिंगोलीच्या छावणीच्या बाजारात कापडाचे दुकान चालवणारा हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी ठग निघाला, आणि पुरलेली प्रेते छावणीच्या अगदी जवळ सापडली, ही हकीकत ठगांच्या बंदोबस्तावर असलेल्या कॅप्टन रेनॉल्ड्सनेच नोंदवून ठेवली आहे. जागल्याला शिवेबाहेरचे दिसत नव्हते आणि पलटणीला आपल्या बाजारातले.

आता थोडा वेळ यवतमाळ सोडून फार दूर, आयर्लंडमध्ये जावे लागेल, कारण वणी-पांढरकवड्यात पुढे जे पोलीस ठाणे आले त्याचा एक पूर्वज तिकडचा आहे. योगायोग पाहा. निजामाशी तैनाती फौजेचा करार करणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली आणि अडगाव जिंकणारा त्याचा भाऊ आर्थर हे दोघेही आयर्लंडच्या मातीतले. आणि दोघांनीही पुढे तिथला कारभार केला. आर्थर १८०७ ते १८०९ तिथला मुख्य सचिव होता. रिचर्ड १८२१च्या अखेरीस तिथे व्हाइसरॉय म्हणून गेला आणि त्याच्या कारकिर्दीत, १८२२मध्ये, आयर्लंडच्या सशस्त्र पोलीस दलाचा कायदा झाला. त्याआधी १८१४मध्ये रॉबर्ट पीलने शांतता राखण्यासाठी एक खास दल काढले होते, आणि त्याची गंमत अशी की ज्या भागात दंगे होतील तिथे ते नेमायचे आणि त्याचा खर्च त्याच भागातल्या लोकांकडून वसूल करायचा. दंगे कसले? रात्री पांढरे सदरे चढवून निघणाऱ्या टोळ्या, चर्चच्या दशमांश पट्टीला आणि जमीन काढून घेण्याला विरोध, 'कॅप्टन रॉक' अशा काल्पनिक नावाने सही केलेल्या धमकीच्या चिठ्ठ्या. सरकारच्या लेखी हे गुन्हे. जॉर्ज कॉर्नवॉल लुईस या इंग्रज लेखकाने १८३६मध्ये मात्र असे मांडले की या टोळ्या म्हणजे शेतकऱ्यांनी आपल्या रक्षणासाठी उभारलेला एक प्रकारचा संघ आहे; कायदा ज्याचे रक्षण करत नाही, तो आपला कायदा करतो. त्याच वर्षी आयर्लंडचे पोलीस दल एका मध्यवर्ती प्रमुखाखाली आणले गेले. शिपाई बराकीत राहणार, हत्यारबंद असणार आणि आपल्या स्वतःच्या परगण्यात नेमला जाणार नाही.

या शेवटच्या अटीपाशी जरा थांबावे. जागल्याची सगळी किंमत तो गावचा असण्यात होती. कोणाच्या बैलाचा खूर फाटला आहे हे त्याला ठाऊक असे. आयर्लंडच्या शिपायाची सगळी किंमत तो गावचा नसण्यात होती. एक चोर ओळखण्यासाठी ठेवलेला, दुसरा लोकांवर नजर ठेवण्यासाठी. हा दुसरा नमुना किल्डेअर परगण्यात लहानाचा मोठा झालेल्या चार्ल्स नेपियरने १८४३मध्ये जिंकलेल्या सिंधमध्ये नेला, तिथून तो मुंबई इलाख्यात आला, १८६०च्या पोलीस आयोगापुढे गेला आणि १८६१च्या पाचव्या कायद्यात उतरला. अलीकडे काही इतिहासकार म्हणतात की आयर्लंडच्या नमुन्याचे महत्त्व फुगवले गेले आहे. हिंदुस्थानातल्या पोलिसांत दरोगा होता, कोतवाल होता, फौजेची परंपरा होती, आणि लंडनच्या पोलिसांचीही छाया होती. ते बरोबरच असावे. शिवाय आयर्लंडमध्ये जमीनदार इंग्रज प्रॉटेस्टंट आणि कूळ कॅथलिक. वऱ्हाडात रयतवारी, आणि धर्माची तशी दुही नाही. लोक सारखे होते असे मी म्हणतच नाही. हत्यार सारखे होते. १८६१च्या कायद्याचे पंधरावे कलम वाचावे. अशांत भागात जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्या रहिवाशांवर टाकायचा. पीलच्या १८१४च्या दलाचे मर्म इथे शब्द बदलून आले आहे. आणि एकविसावे कलमही वाचावे. गावच्या वंशपरंपरागत पोलीस कामगाराला हा कायदा सहसा लागू नाही. म्हणजे नव्या कायद्याने जागल्याला जागच्या जागी सोडून दिले, आणि त्याच्या डोक्यावर एक वेगळी यंत्रणा बसवली.

वऱ्हाडात हा कायदा सरळ लागूही नव्हता. १८५३ आणि १८६०च्या तहांनी मुलूख कारभारासाठी सोपवलेला होता, मालकी निजामाचीच. त्यामुळे प्रत्येक कायदा गव्हर्नर जनरलच्या हुकुमाने मागवून घ्यावा लागे. १८६४मध्ये पूर्व वऱ्हाडातून यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके काढून आग्नेय वऱ्हाड जिल्हा केला गेला. त्यालाच पुढे 'वूण' म्हणजे वणी जिल्हा म्हणू लागले, कचेरी मात्र यवतमाळात. एवढ्या डोंगराळ पसाऱ्यात ठाणी मूठभर. गावोगावच्या चोऱ्या कोणी शोधायच्या? उत्तर कागदोपत्रीच आहे. साऱ्याबरोबर जागल्यासाठी वेगळी पट्टी घेतली जाऊ लागली. पूर्वी तो पिकाचा वाटा घेई, आता सरकारमार्फत रोकड. पूर्वी गावाला जाब देई, आता पाटलामार्फत तहसिलीला. माग काढण्याचे काम तेच, पण माग आता शिवेवर थांबत नव्हता. तो ठाण्याच्या डायरीत जात होता, आणि भरपाईची ती जुनी हुज्जत संपली होती. ज्याचा बैल गेला त्याला चोराला झालेली शिक्षा ऐकायला मिळे. बैल मिळेलच असे नाही.

तरीही मुलूख शांत झाला, हे कोणी नाकारू शकत नाही. शेत वाढले, बाहेरून माणसे येऊन वसली, कापूस गाड्यांनी रस्ते भरले. मग ठाण्याला श्रेय का नाही द्यायचे? काही द्यायला हवे. वाटसरूची राखण, जी जुन्या रीतीत कोणाचीच नव्हती, ती कोणाची तरी झाली. पण काळाचा क्रम पाहिला की बाकीचे श्रेय वाटून द्यावे लागते. कंपनी आल्यावर लगेच शांतता आली नाही. १८५९मध्येसुद्धा रोहिल्यांच्या टोळ्यांशी रिसोडजवळ चिचांब्याला फौजेलाच झुंजावे लागले, पोलिसांना नव्हे. खरा फरक पडला तो १८६०च्या दशकात. मुंबईच्या धर्तीवर मोजणी होऊन सारा तीस वर्षांसाठी ठरू लागला, मक्तेदाराची बोली कायमची बंद झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ कापसाचे भाव चढले. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८६५च्या पडीक जमिनींच्या नियमांनी ओसाड गावेच्या गावे इजाऱ्याने दिली गेली, आणि वणी जिल्ह्यात ती इतकी दिली गेली की आजही यवतमाळच्या महसुली यादीत गावाच्या नावापुढे 'इजारा' हा शब्द शेपटासारखा लागलेला दिसतो. ज्याला वीस-तीस वर्षे गाव हातात राहणार हे ठाऊक आहे, तो राखणीवर खर्च करतो. मक्तेदार आणि इजारदार यांच्यातला फरक मुदतीचा. अरब-रोहिल्यांना कामावर ठेवणारा मक्तेदारच नाहीसा झाला, तेव्हा तेही हळूहळू नाहीसे झाले. शांतता आली ती बहुतांशी सारावसुलीच्या दारातून, म्हणजे ज्या दारातून गेली होती त्याच दारातून.

नव्या व्यवस्थेचा खरा तडाखा बसला तो ज्यांचा हक्क कुठल्याच शिवेत बसत नव्हता त्यांना. बंजाऱ्यांची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. शेकडो बैलांवर मीठ आणि धान्य लादून कोकणापासून नागपूरपर्यंत लदेणी करणारे हे लोक. मोगल, मराठे, निजाम, कंपनी या सगळ्यांच्या फौजा त्यांच्या धान्यावर जगल्या. १८०३च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीला त्यांच्याशिवाय पाऊल टाकता आले नसते, हे त्याच्या पत्रव्यवहारातच दिसते. तांड्याचा नायक, त्याच्या जोडीला कारभारी, वाद पडला तर नसाब बसवून निवाडा. गावगाड्याच्या बाहेर असलेली ही एक पूर्ण न्यायव्यवस्था होती. रेल्वे आली आणि एका पिढीत लदेणी बसली. बैल होते, माल नव्हता. दारव्हा, दिग्रस, पुसदच्या डोंगरउतारांवर तांडे कायमचे थांबले, काहींनी नांगर धरला, काहींनी मजुरी, आणि काही वाईट वर्षांत काहींनी दरोडे घातले असतील तर त्यात मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते सरकारच्या निष्कर्षाचे. १८७१मध्ये, आधी उत्तर हिंदुस्थानासाठी, एक कायदा झाला की काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत. त्यांची नोंद करावी, हजेरी घ्यावी, परवान्याशिवाय हालू देऊ नये. पुढे तो विचार आणि तो कायदा देशभर पसरला. गाव सोडून फिरणे हाच ज्यांचा धंदा, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. वाटसरूला राखणारा कोणी नव्हता म्हणून नवे पोलीस आले असे मी वर म्हटले. ते आले, आणि देशातल्या सगळ्यात जुन्या वाटसरूंवरच पाळत ठेवू लागले.

इथे कोणी म्हणेल की हटकर नाईक आणि बंजारा नायक या दोन वेगळ्या कहाण्या आहेत आणि मी त्या एका माळेत ओवतो आहे. वेगळ्या आहेतच. हटकर नाईक डोंगराचा धनी होता, त्याला तोफेने उठवले. बंजारा नायक वाटेचा माणूस, त्याला आगगाडीने. पण दोघांबाबतीत सरकारी कागदात एकच गोष्ट घडते. आधी त्यांचे नाव देण्याघेण्याच्या हिशेबात येते, मग फौजेच्या रवानगीत, आणि शेवटी जातीच्या वर्णनात, जिथे चोरी हा त्यांचा स्वभाव म्हणून सांगितला जातो. हिशेबातली ओळ गाळली गेली आणि स्वभावाची ओळ लिहिली गेली, या दोन घटनांमध्ये जेमतेम दोन पिढ्यांचे अंतर आहे.

१९०२मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाले. १९०५मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला, आणि वूण हे नाव जाऊन यवतमाळ जिल्हा झाला. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा हे नाव आहे. वंशपरंपरेचा पाटील मात्र त्यानंतरही काही वर्षे राहिला. त्याच्या जागी नेमणुकीचा पोलीस पाटील आणणारा ग्रामपोलीस अधिनियम महाराष्ट्राने १९६७मध्ये केला. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्याचे. त्यांचे वडील फुलसिंग त्या तांड्याचे नायक होते.